गळकाठीचं प्रस्थान

समुद्राची भरती तिथीवर चालते, हे मी आयुष्यभर पुस्तकांत वाचत आलो. पण अमावस्येला अंबडहून भागवत गाडी काढणार नाही, एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही.

मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. समुद्र पाहिला तो एकदाच, सहलीच्या मुलांवर लक्ष ठेवता ठेवता. आता मात्र कोकणातल्या एका बंदराच्या धक्क्यावर, म्हणजे पाण्यात दूरवर शिरलेल्या त्या दगडी ओट्यावर, उभं राहून गळ टाकायचं मनानं घेतलं होतं. एकट्यानं जायची माझी छाती नव्हती. भागवत माझा लहानपणापासूनचा मित्र. गोदावरीत गळ टाकण्यात त्याचा हात बसलेला, आणि जीपही त्याचीच. तो आला तरच.

चहा घेता घेता मी त्याच्यापुढं पंचांग पसरलं.

"अमावस्येनंतरचे दोन दिवस मोठं उधाण. पाणी जोरात चढतं, मासा थेट धक्क्यापाशी येतो. जिताडा लागू शकतो, भागवत! मांडीएवढा!"

"त्याला गळाला काय लावायचं? कणकेचा गोळा?"

"कोळंबी. जिवंत."

"आपल्यापरीस चांगलं खाऊन राह्यला की तो!" त्याचे डोळे चमकले. "निघायचं कधी?"

"अमावस्येला सकाळी. खोली त्याच रात्रीपासून मिळालीय."

त्यानं कप खाली ठेवला. "अमुशाला म्या गाडी भायेर काढत न्हाई. बिलकुल न्हाई."

"मग आदल्या दिवशी?"

"बाजार हाये लेका. गिऱ्हाइकं सोडू का?"

सगळा बेतच पोरकट असावा, असं वाटायला लागलं. पुढच्या अष्टमीला जाऊ म्हणावं का? अष्टमीला पाणी मंद. मासे मिळाले नाहीत तरी भागवत तरी मिळेल. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझी बायको बेबीनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"प्रस्थान ठेवा की," ती म्हणाली. "भावजी, तुमच्या आई न्हाई का ठेवायच्या? चांगल्या दिवशी आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली, की आपण त्याच दिवशी निघालो. मंग अमावस्या आडवी येत न्हाई."

भागवतनं डोकं खाजवलं. "हे बराबर हाये. पण वहिनी, ज्याला जायचं त्यानंच न्यावं लागतं. उद्या दशमी हाये. सोम्या, तू तुझी काठी स्वतः ने. तू नेली, तर मी आलो."

नवी गळकाठी मी कपाटामागं लपवून ठेवली होती. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. रिकाम्या हातानंही मी खाली बघून चालतो. प्रस्थान जायच्या दिशेलाच ठेवायचं, आणि कोकण पश्चिमेला, म्हणून गल्लीच्या पश्चिम टोकाचं दैवशालाबाईंचं घर ठरलं. काठीचे दोन तुकडे होतात, हे माहीत होतं. पण सुटलेले तुकडे मला पुन्हा जोडता येतील, याची खात्री नव्हती. म्हणून सकाळी अख्खीच खांद्यावर घेतली.

किराणा दुकानातून राधेश्यामनं पाहिलंच.

"काय सर, जळमटं काढायला निघाले का?"

गिऱ्हाइकं हसली. मी घरी मागं फिरणार होतो. पण मग भागवतही गेला असता आणि उधाणही.

"समुद्रावर निघालोय," मी म्हणालो. आवाज फारच मोठा निघाला. "मासे धरायला!"

"अंबडला समुद्र कधी आला?"

"कोकणात! अमावस्येच्या उधाणाला!"

आणि मग मला थांबताच येईना. चंद्र पाणी कसं ओढतो, जिताडा कोळंबीवर कसा झडप घालतो, सगळं भर रस्त्यात हातवारे करून सांगितलं. राधेश्याम साखर तोलायची सोडून खाली उतरला. त्यानं काठीवरच्या दोऱ्याच्या रिळाची मूठ फिरवली. कर्रर्र!

"पुन्हा फिरवू का, सर?"

"फिरव की!"

दैवशालाबाईंनी दार उघडून काठीकडं वर-खाली पाहिलं. "उभी मावायची न्हाई. आडवी ठेवा पलंगाखाली. आणि मासा मिळाला तर पहिला इकडं आणायचा."

टोक दाराबाहेर राहिलं. ते आत ढकलत होतो, तेवढ्यात मागून एक टोपी आणि टॉवेल काठीशेजारी येऊन पडले. भागवत उभा होता, दम लागलेला.

"निघालो ना मंग आपण?"

"निघालो," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं पोहे खायला घरी परत आलो.