सुकाणूजवळची फळी

बाबा गेल्यावर त्यांची होडी फोडायची ठरली, तेव्हा आईने एकच हट्ट धरला. होडीच्या फळ्यांचं कोंबड्यांना खुराडं करायचं. जुनं वाळवीने पोखरलं होतं आणि तिथूनच मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या होत्या.

माझा भाऊ धनेश उरणला कंटेनर यार्डात कामाला आहे. त्याने तिथल्या, माल रचायच्या टाकाऊ पॅलेटच्या फळ्या आणून टाकल्या. फुकट ते पौष्टिक, हा आमच्या धनेशचा धर्म. मी नख रोवलं तर आत गेलं.

"एक पावसाळा काढणार नाही हे," मी म्हणाले. "आणि कीड लागू नये म्हणून यावर काय मारलंय, ठाऊक आहे तुला?"

"म्हनून तर सांगते," आई म्हणाली. "होडी सागाची हाय. तुज्या बापसाला पान्यात सांभाललान, कोंबऱ्यांना नाय सांभालनार?"

मी खाडीवर जाऊन होडी पाहिली. लाकूड लोखंडासारखं टणक, पण सगळ्या फळ्यांवर तो लाल रंग. शिंपले चिकटू नयेत म्हणून बाबा दरवर्षी लावायचे. रंग विषारी, म्हणून हात खसखसून धुतल्याशिवाय आम्हाला जवळ घ्यायचे नाहीत. कोंबड्या तर लाकडाला चोच मारणारच, आणि त्यांची अंडी आमचीच पोरं खाणार.

मी आईला ते सांगितलं.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "त्याचे हातांवर पानी मीच घालायची. पन त्याचं कायतरी घरान ऱ्हावं, असं वाटलं."

मला बाबांचाच राग आला. एवढं टिकाऊ लाकूड मागे ठेवलं, आणि आमच्या काही उपयोगाचं नाही!

धनेशने तुर्भ्याच्या वखारीतून बिनरंगाचा साग आणला. होडीतली एकच फळी कोरी होती, सुकाणूजवळची. बाबा त्यावर बसायचे. बसून बसून तिला खळगा पडला होता. दारात बसायला म्हणून आईने ती आधीच काढून घेतली होती. तिचं नाव आम्ही काढलं नाही. आईनेच ती आणून धनेशपुढे ठेवली.

"ही आत बसव, कोंबऱ्यांना बसायला."

"आई, ही तुला हवी होती ना?" धनेशने विचारलं.

"दारान ठेवली तर रोज रिकामी दिसंल."

संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या. एक नेमकी खळग्यात जाऊन बसली. आईने झटकन हात घालून तिला ढकललं. "ऊठ गो, ती त्याची जागा हाय!"

मग तिने हात मागे घेतला. बाबा गेल्यापासून न रडलेली माझी आई खुराड्याला धरून रडू लागली.