काकवीचा वास

आमच्या योगराजच्या लंगोटाला काकवीचा वास यायचा. एवढं खरं आहे. पुढे सांगताना कुठे खोटं आलं, तर तिथल्या तिथे सांगेन. ही सवय मला जन्मभर नव्हती. फार उशिरा लागली.

मी हिलाल. सुरतेला बमरोलीत आमच्या दोन खोल्या. जवळच्याच एका डाइंग मिलमध्ये मी बावीस वर्षं रंग कालवले. रंग कालवतात त्या खोलीला मिलमध्ये कलर किचन म्हणतात, आणि तिथे माझ्या डोळ्यांपेक्षा नाकाला मान होता. ड्रमचं झाकण निघालं की माल शिळा की ताजा, ते मी दारातूनच सांगायचो. माझी एकुलती एक रंजना मी थोरल्या बहिणीच्या, अनुसयाच्या मुलाला दिली. मामाची मुलगी करायची, ही आमच्या खानदेशातली रीतच. जावई ललित आमच्याकडेच राहून लूमवर बारा तासांची पाळी करायचा आणि मी सासरा झालो तरी मला मामाच म्हणायचा.

त्यांचा पहिला मुलगा योगराज चार महिन्यांचा असताना त्याला ताप आला आणि तो वास पहिल्यांदा आला. कढईला काकवी किंचित लागली की येतो ना, तसा. ताप उतरला की वासही जायचा. शेजारच्या प्रमिलाबाईंनी लंगोट नाकाशी नेला नि म्हणाल्या, "माय वं! हिलालभाऊ, हाऊ पोऱ्या शे का गुळनी भेली?"

मग काय, मला विषय मिळाला. म्हटलं, तरुणपणी मी बारडोलीकडे साखरेच्या कामाला होतो. एकदा मळीच्या हौदात पडलो. तीन दिवस पोहत होतो. चौथ्या दिवशी बाहेर काढून उन्हात वाळत घातलं, तर मुंग्यांनी मला उचललं आणि पार नवापूरपर्यंत नेलं. तोच गोडवा रक्तात उतरला आणि आता नातवातून बाहेर पडतोय.

हे खोटं. बारडोलीला मी जन्मात दोनदा गेलो, दोन्ही वेळा लग्नाला. पण चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि पुढे पोराला ताप आला की लोक लंगोट हुंगायला यायचे. औषध आधी की हुंगणं आधी, असा प्रकार. रंजनासुद्धा हसायची. पहिलटकरीण होती, तिला वाटायचं बापाला सगळं कळतं.

पोर वाढलं तसं दुसरं एक लक्षात आलं. त्याला भात आवडायचा, केळं आवडायचं. दूध आणि डाळ पुढे केली की मान फिरवायचा. रंजना रडकुंडीला यायची. मग मी त्याला मांडीवर घ्यायचो, वाघाचा आवाज, कोल्ह्याचा आवाज, मुंग्यांच्या बँडचा आवाज. तोंड उघडलं की चमचा आत. अख्खी वाटी डाळीचं पाणी मी त्याला गोष्टीवर पाजायचो आणि वर रंजनाला म्हणायचो, "देख, कसं जास पोटमा!"

सातव्या महिन्यात ताप आला तेव्हा पोर मान धरेना. दवाखान्यात नेलं. सलाइनमधून ग्लुकोज दिलं, दोन दिवसांत उठून हसायला लागलं. रंजना आत वॉर्डात त्याच्यापाशी, ललित पाळीवर, म्हणून बाहेर बाकावर मीच होतो. तिथे एक तरुण डॉक्टरीण वही घेऊन आली. वंदना तिचं नाव, पुण्याकडची, आमच्याशी मराठीत बोलायची. लहान मुलांच्या लघवीवर ती काही अभ्यास करत होती.

"आजोबा, मुलाचे आईवडील लग्नाआधी नात्यातले होते का?"

शेजारी सुरतचीच एक नर्स उभी होती. ती हसली आणि म्हणाली, "काका, तमारामां तो मामानी छोकरी साथे परणे, नै? अमारामां तो ए बेन कहेवाय, बेन!"

बेन म्हणजे बहीण. बाकावरचे आणखी चार जण वळून माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. आणि माझे कान तापले की तोंड सुटतं.

"छे हो ताई! कसलं नातं? जावई मी नंदुरबारच्या फलाटावर निवडला. मला कोपर मारून त्यानं खिडकीची जागा धरली. म्हटलं, हा पोरगा संसार करील."

बाक हसला. नर्स हसली. वंदनाताईसुद्धा हसली आणि तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

"लघवीला जळक्या साखरेसारखा वास येतो म्हणता. आई मेथी खाते का? अंगावर पाजते ना?"

खरं तर रंजनाचे मेथीचे लाडू सव्वा महिन्यात संपले होते. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "मेथी? ताई, बाळंत झाल्यापासून रोज तीन लाडू! लाडू वळून वळून तिच्या सासूच्या हातावरच्या रेषा पुसल्या."

"मग बरोबर," ती म्हणाली. "मेथीनं अगदी असाच वास येतो. बरं झालं विचारलं, नाहीतर नमुना मुंबईला पाठवणार होते." आणि तिनं वहीतल्या एका ओळीवर रेघ मारली.

त्या रेघेचा आवाज मला ऐकू आला, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. ते खोटं. तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही. मी खुशीत होतो.

योगराज गेला तेव्हा चौदा महिन्यांचा होता. चाळीत एका लग्नाची वरण-बट्टी होती. मी त्याला मांडीवर घेऊन तुपात कुस्करलेली बट्टी भरवली, वरणाचं वाडगं मुंग्यांच्या बँडवर संपवलं. दुसऱ्या दिवशी ताप. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खांद्यावर झोपला. वास इतका होता की माझ्या सदऱ्यालाही लागला. दवाखान्यात पोचलो तेव्हा उठवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वंदनाताई त्या महिन्यात गावी गेली होती. कागदावर दुसऱ्या डॉक्टरांनी मेंदूचा ताप असं लिहिलं.

रंजनाला दुसरा मुलगा झाला तेव्हा अनुसयानं गावाहून निरोप पाठवला की नाव दगा ठेवा. दगा म्हणजे दगड. पहिलं पोर गेलं की दुसऱ्याला आमच्यात असं नाव देतात, कुणाची नजर त्याच्यावर ठरू नये म्हणून. मी लाडूंवरही नजर ठेवली. बरोबर सव्वा महिन्यानं डबा घासून पालथा घातला.

दगा पाच महिन्यांचा असताना लस टोचून आणली. संध्याकाळी अंग तापलं. सकाळी रंजनानं लंगोट बादलीत टाकला, आणि मी दारात दात घासत होतो तिथपर्यंत तो वास आला.

मी चूळ भरली. चहा प्यालो. घरात मेथीचा दाणा नव्हता. दुपारपर्यंत मी गप्प बसलो, हेही सांगून टाकतो. गप्प बसून मी काय करत होतो? दुसरं काही कारण सापडतं का ते बघत होतो. आणि पोरानं मान टाकायला सुरुवात केली, तेव्हा म्हटलं, "रंजना, चाल. दवाखानामा."

वंदनाताई अजून तिथंच होती. मी म्हटलं, "ताई, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही खऱ्या. हिनं मेथी सव्वा महिन्यानंतर तोंडात घातली नाही. ना याच्या वेळी, ना त्याच्या वेळी. आणि जावई माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे."

तिनं आधी पोराला ग्लुकोज लावायला लावलं. मग कपाटातून जुनी वही काढली, पान शोधलं आणि वाचलं, "आई रोज मेथी खाते. नातं नाही." रंजना तिथंच उभी होती, दगाच्या खाटेपाशी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग वहीकडे.

या वेळी ताईनं लघवीचा थेंब जाड कागदावर घेतला, वाळवला आणि मुंबईला पाठवला. म्हणाली, तिथे थेंबातलं सगळं वेगळं वेगळं करून बघतात. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मिलमध्ये कुणी रंगात भेसळ केली की मीही टीपकागदावर एक थेंब टाकायचो. थेंब पसरतो, त्याची कडी होतात, निळं वेगळं, पिवळं वेगळं, आणि चोरी उघडी पडते. माणसाच्या थेंबातही तसंच, ती म्हणाली. त्यानं काय खाल्लं ते एका कड्यात, आणि आईबापाकडून काय आलं ते दुसऱ्यात.

नवव्या दिवशी उत्तर आलं. दूध-डाळीतला एक भाग या पोराला पचवता येत नव्हता. तो साठायचा, डोक्यात चढायचा, आणि त्याचाच तो गोड वास. पचवण्याच्या कृतीतला एकच जिन्नस चुकलेला होता. तसली चुकलेली कृती एकीकडूनच आली असती तर बिघडलं नसतं. पण ती माझ्या आईकडून मला आणि अनुसयाला मिळाली असणार, माझ्याकडून रंजनाला, अनुसयाकडून ललितला, आणि पोराला दोन्हीकडून मिळाली. रोज एका जीवनसत्त्वाची गोळी, डाळ-दूध मोजून, ताप आला की भाताची पेज, साखरेचं पाणी आणि लगोलग दवाखाना. एवढ्यावर दगा जगणार होता.

"पहिल्याच्या वेळी कळलं असतं तर?" रंजनानं विचारलं.

ताईनं वहीचा कोपरा दुमडला. "सांगता येत नाही. कदाचित... मीही तुम्हालाच विचारायला हवं होतं. वॉर्ड वीस पावलांवर होता."

घरी आल्यावर रंजनानं दगाला पाळण्यात ठेवलं आणि माझ्यासमोर बसली.

"आप्पा, त्या टाइमले बाईनी तुमले इचारं व्हतं ना?"

माझ्याकडे तीन गोष्टी तयार होत्या. नर्सची, गर्दीची, आणि मला कमी ऐकू येतं ही. तिन्ही चांगल्या होत्या.

"हां," मी म्हटलं. "मी खोटं सांगं."

"काब्रं?"

"लोके हसी राहिंतात."

ती उठली आणि भाताचं आधण ठेवायला गेली. रडली असती तर मला काही करता आलं असतं.

आता दगा दोन वर्षांचा आहे. त्याला भरवायला ती मला देत नाही. गोष्ट सांगायलाही नाही. मी तोंड उघडलं की ती पोराला उचलून दुसऱ्या खोलीत नेते. पण रोज सकाळी, चहाच्या आधी, त्याची ओली चड्डी घेऊन माझ्यापुढे येते. तिच्या नाकाला उशिरा कळतं, माझ्या नाकाला लवकर. हे तिला माहीत आहे.

"आप्पा, वास ल्या."

मी डोळे मिटून वास घेतो. प्रमिलाबाई ओट्यावरून बघत असतात, कधीतरी मी मळीचा हौद काढीन म्हणून. रंजना माझ्या तोंडाकडे बघते. तिला एकच शब्द हवा असतो.

"नही," मी म्हणतो.

ती दुसऱ्यांदा विचारते. "पक्कं?"

मी पुन्हा वास घेतो.

"नही."