डावीकडचं वजन

धाकट्या दिराने सहावी पिशवी डाव्या बाकाखालच्या कप्प्यात सरकवली, झाकण दाबलं आणि तळहात पँटला पुसले. प्रत्येक पिशवीत दहा किलो शिशाच्या गोळ्या होत्या.

"झाले साठ. वहिनी, आजपासून तुमची सुटका."

धक्क्यावर उभ्या असलेल्या वहिनींनी लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला. अकरा वर्षं त्या या बोटीच्या डाव्या बाकावर बसत आल्या होत्या. तळ्यावरची ही शाळा दोघा भावांची. बोटीमागच्या लाटेत फळीवर उभं राहायला शिकवायची. बोट एका बाजूला जड असली तरच मागे उंच लाट उठते, आणि मग बोटीला बांधलेला दोर हातातून सोडला तरी ती लाट माणसाला पुढे ढकलत नेते. नवरा बोट चालवायचा, दीर शिकवायचा आणि वहिनी जड व्हायच्या. शेकडो शिकाऊ त्यांच्या जोरावर उभे राहिले. त्यांना स्वतःला मात्र एकदाही फळीवर जाता आलं नव्हतं, कारण त्या उठल्या की लाटच बसायची.

सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी त्यांनी अखेर तोंड उघडलं. साडी नको, काही नको, मला एक फेरी द्या. पिशव्यांनी त्यांचं काम केलं तर फेरी त्यांची, असं ठरलं. वजन किती, हे दिराने जरा बिचकतच विचारलं होतं. "साठ," त्या पटकन म्हणाल्या होत्या.

आधी लाट अजमावायला दीर फळी घेऊन पाण्यात उतरला. नवऱ्याने बोट काढली. लाट उठली ती जेमतेम गुडघ्याएवढी. दिराने दोर सोडला आणि तो फळीसकट खाली गेला. पिशव्या मागेपुढे केल्या, वेग कमीजास्त केला, तरी तेच.

"लाटेत जीवच नाही," धक्क्याला परत आल्यावर तो म्हणाला. "दादा, इंजिनाच्या पंख्यात काही बिघाड आहे का?"

"पंखा बरा आहे."

"मग आज राहू दे. वहिनी, या, बसा. चार वाजता शिकाऊ येतील."

वहिनींचा पाय सवयीने उचलला गेला. बाकाचं रेक्झिन त्यांच्या जागेपुरतं खोलगट झालं होतं. ते बघून त्यांना रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, तोही स्वतःचाच. पाय पुन्हा धक्क्यावर आला.

"अजून दोन पिशव्या घाला," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या.

"दोन कशाला? तुम्ही तर साठ..." दीर बोलता बोलता थांबला आणि मान वाकडी करून कानातलं पाणी काढायला लागला. "पण पिशव्या सहाच आहेत."

नवरा बोटीतून उतरला. धक्क्यावरच्या हातगाडीवर ताडपत्री होती, ती त्याने बाजूला केली. खाली आणखी पिशव्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" वहिनींनी विचारलं.

"अकरा वर्षं स्टिअरिंग धरतोय. तू बसलीस की बोट किती ओढते, ते हाताला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू साठ म्हणालीस ना."

त्याने एक पिशवी कप्प्यात ठेवली. दुसरी ठेवली. मग कुणाकडेही न बघता तिसरी उचलली.

"मी दोन म्हटलं होतं," वहिनी म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"हो, ऐकलं," नवरा म्हणाला, आणि तिसरीही ठेवून त्याने झाकण लावलं.

चार वेळा वहिनी तोंडावर पडल्या. नाकातोंडात पाणी गेलं. बोटीत मधोमध बसलेल्या दिराला हसू आवरेना, तेव्हा त्यांनी त्याला पाण्यातूनच दोन शब्द सुनावले. पाचव्यांदा त्या उभ्या राहिल्या. लाट चांगली कमरेएवढी भरली होती.

"वहिनी, सोडा दोर!"

त्यांनी समोर पाहिलं. डावं बाक रिकामं होतं.

वहिनींनी दोर सोडला.