टोमॅटो वाजेपर्यंत

खट्. आतल्या खोलीत खण बंद झाला आणि घर पुन्हा शांत झालं.

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. ठकूचं रडं येतंय का, म्हणून तिने कान दिला. रडं आलं नाही. म्हणजे खणातून बाहुलीचे कपडे काढत असणार. तिने मान खाली घातली आणि पुढचा प्रश्न घेतला.

ओट्यावर लाल टोमॅटो टिकटिकत होता. स्वयंपाकाचं घड्याळ ते, टोमॅटोच्या आकाराचं. कुणीतरी लग्नात दिलेलं. पीळ द्यायचा, वेळ झाली की ते कर्रर्र वाजायचं. इतकी वर्षं ते फडताळात पडून होतं, आता सराव परीक्षांना कामी आलं. टोमॅटो वाजेपर्यंत आई घरी नाही असं समजायचं, हे तिने ठकूला हसत सांगितलं होतं. पाच वर्षांच्या ठकूने ते मनावर घेतलं. बाहुलीलाही शिकवलं. मागच्या आठवड्यात गुडघा खरचटला म्हणून ती मध्येच आली, तेव्हा ही वैतागून म्हणाली होती, "एवढ्याशाला आई कशाला लागते गं?" त्यानंतर ठकू मध्ये आली नव्हती.

येत्या रविवारी प्रवेश परीक्षा होती. कुरिअरच्या ऑफिसात तिची उमेदीची वर्षं गेली होती. कुठली गाडी कुठे अडकते, कुठलं गिऱ्हाईक कशाने निवळतं, सगळं तोंडपाठ. पण शाखाप्रमुखाच्या खुर्चीत बसला तो तिच्याच हाताखाली शिकलेला मुलगा, कारण त्याच्याकडे मॅनेजमेंटची डिग्री होती. रजेचा अर्ज दिला की तो अवघडून म्हणायचा, "ताई, अर्ज कशाला, नुसतं सांगायचं." ते जास्त टोचायचं. नोकरी करणाऱ्यांसाठी त्याच डिग्रीचा संध्याकाळचा वर्ग होता, तोही पुढच्या वर्षी बंद होणार होता. यंदा नाही तर नाहीच.

भाषेचे प्रश्न ती चुटकीसरशी सोडवायची. गाडी रुतायची ती गणितात. शाळेत गणित सोडता येतं हे कळलं, त्या दिवशी तिने वर्गात मैत्रिणीला मिठी मारली होती. आता तेच गणित दार वाजवत आलं होतं. दोन नळांनी टाकी भरते आणि तिसऱ्याने रिकामी होते, हे तिने नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला होता की आधी तिसरा नळ बंद करा, अभ्यास नंतर.

त्यातही एक प्रश्न तिचा पिच्छा सोडत नव्हता. एखादी गोष्ट वीस टक्क्यांनी वाढली, मग वीस टक्क्यांनी घटली, तर शेवटी किती? तिचं मन दर वेळी म्हणायचं, होती तेवढीच. वाढलं तेवढं कमी झालं, फिटंफाट. तयारीच्या क्लासचे सर फोनवर पुन्हा पुन्हा समजावत, की घट वाढलेल्या आकड्यावर बसते, त्यामुळे होतं त्याहून कमीच उरतं. डोक्याला पटायचं, हाताला पटत नव्हतं.

आज मात्र हाताने बरोबर उत्तरावर खूण केली. पुढच्यावरही. खणाच्या आवाजानंतर तर ती अशी सुटली, की टोमॅटो वाजला तेव्हाच तिने मान वर केली. घाईघाईने उत्तरं ताडून पाहिली. दोनदा बेरीज केली, कारण बेरजेवरही तिचा भरवसा नव्हता. पहिल्यांदाच ती प्रवेशाच्या रेषेच्या वर होती.

"ठकू, आई आली गं!"

ती आत गेली. कपाट आणि पलंग यांच्या सांदीत ठकू बसली होती. उजवा हात डाव्या काखेत घट्ट दाबलेला, ओठ आत ओढलेले. गाल ओले होते, वर वाळलेले ओघळही होते.

"वाजला?" ठकूने विचारलं.

तिने मान हलवली. मग ठकू रडली.

नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी खणात चेंगरून काळंनिळं झालेलं बोट हळूच वाकवून पाहिलं. हाड शाबूत होतं. नख पडेल, नवं येईल, म्हणाल्या. पट्टी बांधता बांधता त्यांनी सहज विचारलं, "फार रडली असेल, नाही?"

ती काही बोलायच्या आत ठकूनेच ऐटीत सांगितलं, "मी नाही रडले. टोमॅटो चालू होता."

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पट्टीची गाठ मारली.

नवरा कामावरून आला, तेव्हा ठकू दूध पीत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुला आवाज नाही आला?"

"आला होता."

तो बराच वेळ बुटांच्या नाड्याच सोडत बसला. आता हा म्हणेल, पुरे झालं. म्हणावं, असंही तिला वाटत होतं. मग तिला स्वतःला काही ठरवावं लागलं नसतं. पण तो म्हणाला, "रविवारी मी सुटी टाकतो. तू जा."

मार्कांचं तिने त्याला सांगितलंच नाही. उठून टोमॅटो फडताळात, डब्यांच्या मागे ढकलला आणि भांडी घासायला घेतली. एकच पातेलं ती घासत राहिली.

मागून स्टूल सरकल्याचा आवाज आला. वळून पाहते, तर ठकू पट्टीचं बोट हवेत धरून डाव्या हाताने टोमॅटो काढत होती. खाली उतरून तिने तो गुडघ्यांत धरला, कसाबसा पीळ दिला आणि टेबलावर ठेवला.

"बस अभ्यासाला. मी बोलणार नाही."

तिने ओले हात पदराला पुसले आणि ठकूला मांडीवर घेतलं. केसांना बोटाच्या औषधाचा वास येत होता. "ऐक, माझे राणी. लागलं ना, तर टोमॅटो चालू असला तरी यायचं. लगेच यायचं."

ठकू विचारात पडली. "पण एवढंसं लागलं तर नाही ना यायचं? गुडघ्याच्या वेळी तू म्हणालीस."

टोमॅटो टिकटिकत होता. टेबलावर सकाळचा सरावाचा पेपर तसाच उघडा पडला होता.

"मग आई," ठकूने तोंड वर करून विचारलं, "किती लागलं की यायचं?"