सहीच्या आधी

रस्त्यापलीकडे आज पुन्हा तीच मोटारसायकल उभी होती. मागे बसलेल्या माणसाने मोबाईल उभा धरला होता. त्याला दळण आणायचे नव्हते, की कुणाची वाट पाहायची नव्हती. बनाबाईने गिरणीचे बटण बंद केले आणि दारात आली.

"काय पायजे?"

तो हसला, पण मोबाईल खाली केला नाही.

जेऊरच्या स्टेशनरस्त्यावरची ही पिठाची गिरणी नवरा गेल्यापासून बनाबाई एकटीच चालवत होती. वीज गेली की दळणाला आलेल्या बायका पोत्यांवर टेकून गप्पा मारत. अशाच एका दुपारी, सोलापुरात शिकणाऱ्या तिच्या मुलीने, संस्कृतीने, आईच्या बोलण्याचा मोबाईलवर व्हिडिओ घेतला आणि इंटरनेटवर टाकला. त्यात बनाबाई म्हणत होती, "भाऊ साडी घिऊन आला आन कागद म्होरं केला, तर साडी ठिवून घ्या. सहीच्या आधी मातर थांबा. बापाच्या जमिनीत तुमचाबी वाटा हाय. माझ्या भावानं नेसवलेली साडी कवाच फाटली. जमीन हाय तितंच हाय, त्याच्या नावावर."

ते बोलणे कुठल्या कुठे पोचले. सांगोल्याहून, परांड्याहून बायकांचे फोन येऊ लागले. मग दुसरेच फोन आले. बोलायचे नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. व्हिडिओखाली कुणी तरी गिरणीचा पत्ता लिहिला. त्याखाली दुसऱ्याने लिहिले, बाई एकटीच राहते. तिसऱ्याने लिहिले, पीठ लवकर पेटतं म्हणे.

गिरणीतले डबे कमी होत गेले. समोरून जाणारी एखादी बाई मान खाली घालून म्हणायची, "सासूबाई नको म्हणत्यात, बनाबाई." बनाबाई म्हणायची, "असू दे की."

फोन करणाऱ्यांत उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावची वैष्णवी होती. नवऱ्याने टाकल्यामुळे लहान मुलीला घेऊन ती भावांकडे राहत होती. बाप वारला आणि भावांनी हक्क सोडल्याचा कागद पुढे केला. तेव्हा तिने फोनवर सांगितले होते, "मावशी, मी न्हाय म्हणलं की." आणि लहान पोरीसारखी हसली होती.

त्यानंतर तिचा फोन लागेना. काल तिचाच व्हिडिओ आला. डोक्यावर पदर, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या कुणावर तरी. "मी राजीखुशीनं सही करनार हाय. गिरणीवाल्या बाईनं मला फितवलं हुतं." एक डोळा नीट उघडत नव्हता.

"आई, मी ऑनलाइन तक्रार टाकलीय," संस्कृती फोनवर म्हणाली. "तू एकटी जाऊ नकोस."

"ती माझ्या बोलण्यावरनं न्हाय म्हणली, संस्कृती," बनाबाई म्हणाली आणि गिरणीला कुलूप लावले.

माणसे कोंबून नेणारी वडापची जीप तिला केळीच्या बागांमधून गावात घेऊन गेली. वैष्णवीचा थोरला भाऊ महिपती अंगणात खुर्ची टाकून बसला होता.

"या की," तो उठून म्हणाला. "तुमचीच वाट बघत हुतो."

आपण येणार हे बनाबाईने या गावात कुणालाही कळवले नव्हते.

धाकट्या भावाने मोबाईल सुरू करून खिडकीत टेकवला. महिपती म्हणाला, "पावण्यांचा व्हिडिओ घ्यावा म्हणलं. तुमाला आवडतंय नव्हं?"

वैष्णवी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मनगटावर बांगड्या नव्हत्या, कातडी खरचटलेली होती.

"सांग त्यास्नी," महिपती म्हणाला. "तुला कोण जबरदस्ती करतंय का?"

"न्हाय."

बनाबाईने घरात डोकावून पाहिले. दोरीवर छोटे झबले वाळत होते. घर मात्र अगदी शांत होते.

"पोरगी कुटं हाय तुजी?"

वैष्णवीने तांब्या खाली ठेवला. तिच्याऐवजी महिपतीच बोलला. "पावण्यांकडं ठिवलीय. लई गोड पोर हाय. सोमवारी कचेरीत सही झाली की येईल माघारी." त्याने आवाज जराही चढवला नाही. "न्हाय झाली तर तितंच रमंल."

लांब पाण्याकडे मोटारीचा पंप चालू होता. बनाबाईला कळले की इथे आरडाओरडा केला, तर त्याची किंमत तिला नाही, वैष्णवीला आणि त्या पोरीला मोजावी लागेल. खिडकीतला मोबाईलही तिला दिसत होता. त्याच्यासमोर जे बोलेल ते उद्या जिल्हाभर फिरणार, हेही तिला ठाऊक होते.

तिने वैष्णवीकडे पाहिले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "सही कर."

वैष्णवीने मान वर केली.

"सही कर आन पोरगी घे. जमिनीचं मागनं बघू. पोरगी आदी."

महिपती समाधानाने हसला. "शाण्या हायसा. आता ह्याच म्हणत्यात म्हणल्यावर गावातल्या बाकीच्या बायकांनाबी कळंल."

बनाबाई उठली. उंबऱ्यापाशी पोचते तोच मागून वैष्णवीने हाक मारली, "मावशी, थांबा." ती कुंकवाचा करंडा घेऊन आली होती.

"ती विधवा हाय," धाकटा म्हणाला.

वैष्णवीने ऐकले न ऐकल्यासारखे केले. तिने चिमूट भरली आणि बनाबाईच्या मोकळ्या कपाळावर कुंकू लावले. टिळा मोठा आणि गोल उमटला. मग ती वाकून पाया पडली. महिपतीने पटकन जाऊन मोबाईल बंद केला.

परतीच्या जीपमध्ये शेजारच्या पोराच्या मोबाईलवर तिचाच आवाज वाजत होता; अंगणातला व्हिडिओ तिच्याआधीच बाहेर पोचला होता. सही कर, सही कर. तेवढाच तुकडा, पुन्हा पुन्हा. पोराने मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि आवाज बंद केला.

समोरची म्हातारी तिच्या कपाळाकडे बघत राहिली. बनाबाई पदराने मान पुसत होती, गळा पुसत होती. कपाळाला तिने हात लावला नाही. जीपच्या मागे, धुळीतून, एक मोटारसायकल अंतर राखून येत होती.