वेणूची स्कूटर चार्जिंगला

वेणू गेल्याचं कळलं तेव्हा कृष्णकांत जिन्याखाली उकिडवा बसून तिच्या स्कूटरला चार्जर लावत होता.

दम लागतो म्हणून तिला हॉस्पिटलात ठेवलं होतं. दुपारी तिचा स्वतःचाच फोन आला. बरं वाटलं की माणसं पेज मागतात, वेणू हुकूम सोडायची.

"अवो, उद्या सोडणार हायेत मला. स्कूटर चार्जिंगला लावा."

"लावतो."

"नुसतं लावतो नाय. शंभर करा. परवा करंजाला जायचंय नीताकडं. सुकट संपत आली, आता नाय आणली तर वरीसभर काय खाशाल?"

"डॉक्टरला इचारलंस?"

"त्याला काय इचारायचंय? स्कूटर त्याची हाय?"

"आणि शंभर काय म्हनून? एरवी ऐंशीच्या वर गेली की माजा जीव खातेस."

"एरवी आपण जातो कुठं? नेऱ्याला नि परत. करंजा लांब हाय. लांब जायचं तवाच शंभर, बाकी ऐंशी. किती येळा सांगू?"

खरं तर वेणू त्याला चार्जरला हात लावू देत नसे. त्यामुळे आपल्यावर ही कामगिरी सोपवली गेली याचं कृष्णकांतला अप्रूप वाटलं. कपाटावरचा चार्जर काढायला तो खुर्चीवर चढला, पडता पडता वाचला, आणि वेणूची नेहमीची लांबची जागा सोडून जवळ पडते म्हणून स्कूटर जिन्याखाली ढकलत नेली. घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला. चार्जरवर दिवा लागला तेव्हा त्याला रॉकेट सोडल्याचा आनंद झाला. ते सांगायलाच त्याने वेणूला फोन लावला. फोन मुलीने घेतला.

"लागला गं दिवा, सांग आईला," तो म्हणाला.

"बाबा," मनस्वी म्हणाली, "तुम्ही आधी इकडे या."

तिच्या आवाजावरून त्याला कळलं. तरी त्याने विचारलं, "चार्जर काढून येऊ, की राहू दे?"

त्यावर मनस्वीने फोन ठेवला. चार्जर राहिला.

पुढे सगळं झालं. माणसं आली, स्वयंपाक झाला, नेऱ्याहून भाऊबंद आले, करंजाहून वेणूची बहीण नीता आली. वेणूला जिथे ठेवलं होतं त्या जागी दिवा लावला आणि तो दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नाही, असं कृष्णकांतला बजावलं गेलं. बायकांनी पाळ्या वाटून घेतल्या. दुपारची पाळी त्याची. पहिल्याच दुपारी तो दिव्याशेजारी भिंतीला टेकून घोरू लागला आणि दिवा तेल संपून विझला. नीता बाहेर आली, तिने दिवा बघितला, दाजींना बघितलं आणि म्हणाली, "दाजी, एक दिवा तरी सांभाळा."

त्या संध्याकाळी तो जिन्याखाली गेला. चार्जरवरचा दिवा आता हिरवा झाला होता. शंभर टक्के. हा दिवा वाऱ्याने विझत नव्हता, तेल मागत नव्हता, वीज गेली तरी परत आल्यावर आपोआप लागत होता. घोरणाऱ्या माणसासाठी याहून चांगला दिवा कुणी बनवला नसता.

दहावं झालं, तेरावं झालं. घरातला दिवा काढला. खालचा तसाच राहिला. वेणूने लावा म्हणून सांगितलं होतं. काढा म्हणायला ती राहिली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून काढावा असं त्याला वाटत नव्हतं. आधी आठवडा गेला, मग महिने. तो रोज संध्याकाळी खाली जाऊन हिरवा दिवा बघायचा. पुढे स्कूटरसमोर उदबत्ती लावू लागला. धूळ बसते म्हणून चार्जरवर वेणूची जुनी शाल घातली, फक्त दिव्यापुरतं भोक ठेवलं.

आता वेणूने यातलं काहीही बघितलं असतं तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं, हे सांगायला हवं. स्कूटर घरात आली त्या दिवसापासून तिने नियम घातले होते आणि ते कृष्णकांतला तोंडपाठ होते. पाळायला म्हणून नव्हे, चारचौघांत तिची चेष्टा करायला. उन्हातून आल्या आल्या चार्जर लावायचा नाही: "तुमी उनातून आलात की मी लगेच ताट वाडते का? आदी जरा थंड होऊ द्या तिला." पार रिकामी होऊ द्यायची नाही. तुडुंब भरून ठेवायची नाही: "तुमी पोटभर जेवून पसरता नि मग छातीत जळजळ म्हणता, तसंच तिचं." चार्जरवर काही टाकायचं नाही, तो तापतो, त्याला वारा लागतो. शेजाऱ्याचा चार्जर चालणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड नाही, भिंतीतला जाड प्लग पाहिजे. जिन्याखाली तर मुळीच नाही, कारण उद्या काही पेटलं तर वरची माणसं उतरणार कुठून? आणि लावून निघून जायचं नाही: "चूल पेटवून कोण बाजारात जातं का?"

ती खाली पार्किंगच्या उघड्या टोकाला स्कूटर लावायची, बाजूला मेथी निवडत बसायची, आणि ऐंशी झाले की पिन काढायची. नेऱ्याच्या शेतावरची भाजी ती याच स्कूटरवरून पनवेलच्या बिल्डिंगांत पोचवायची. कृष्णकांत मागे बसायचा, दोन्ही मांड्यांवर पोती धरून. त्याला चालवता येत नव्हती. नाक्यावरची माणसं त्याला वेणूवहिनीचं पार्सल म्हणायची. तोही हसायचा. पार्सलाला पेट्रोल, रस्ता, बॅटरी कशाचीच काळजी नसते.

तर असे हे नियम, आणि बायकोच्या आठवणीत त्याने त्यातले बहुतेक मोडले होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंधतीबाई सोसायटीच्या सेक्रेटरी. मुंबईला ऑफिसात जातात, पण रविवारी इमारतीची सूनबाई असल्यासारख्या सगळीकडे फिरतात. चार्जर जिन्याखालून हलवा, असं त्यांनी आधी दोनदा सुचवलं होतं. बिल्डिंग कृष्णकांतच्या वडलांच्या भाताच्या शेतावर उभी असल्याने त्याला जिना अजून आपलं अंगण वाटत होतं, आणि त्याने तसं सांगूनही टाकलं होतं. त्या रविवारी त्या नाक मुरडत खाली आल्या.

"काका, वास येतोय."

"उदबत्ती हाय."

"उदबत्तीचा नाही. काहीतरी जळतंय."

कृष्णकांतने शाल उचलली. खालच्या बाजूला भाकरी करपावी तसा तपकिरी डाग पडला होता. चार्जरला बोट लावलं आणि लगेच तोंडात घातलं. बोर्डाच्या ज्या भोकात पिन होती ते काळं पडून वितळलं होतं.

"अहो काका, बंद करा ना!"

"करतो."

"आत्ता."

बटणावर हात ठेवून तो बसून राहिला. वर एकूण किती माणसं राहतात, त्यात तान्हं मूल कुठल्या घरात आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी बटण दाबवेना. मग त्याच्या डोक्यात एक युक्ती आली. पिन काढल्यावर चार्जरचा दिवा लगेच विझत नाही, एक क्षण जळत राहतो. त्याने पिन उपसली आणि दिवा विझायच्या आत शेजारच्या भोकात खुपसली. दिवा हिरवाच राहिला. आपलं हे चापल्य बघून त्याला जरा बरं वाटलं, आणि त्याने कौतुकाच्या अपेक्षेने वर पाहिलं.

अरुंधतीबाईंनी डोक्याला हात लावला. मग वाकून बोर्डाचं बटण स्वतः बंद केलं आणि तिथेच उभं राहून मनस्वीला फोन केला. त्यांनी फोन कानाला लावायच्या आतच दिवा विझला. कृष्णकांत बघत होता. काही झालं नाही. वर कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

मनस्वी लग्नानंतर खारघरला बेलपाड्यात राहते. ती तासाभरात आली. कृष्णकांतने मनात उत्तरं तयार ठेवली होती, पण तिने विचारलंच नाही. तिने शाल बघितली, घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"चावी कुठंय?"

"कशाला?"

"आई चार्जिंगला कशाला लावायची? फिरायला. बसा मागे."

"आताच लगेच?"

"बाबा, वर्ष झालं. आणखी किती चार्ज करायचीय?"

पिन अजून बोर्डातच होती. ती मात्र त्याने स्वतः काढली, वायर गुंडाळली, वेणू गुंडाळायची तशी. मग मागे बसला. मांड्यांवर पोती नव्हती, तर हात कुठे ठेवायचे ते कळेना.

समोर आकडा शंभर दाखवत होता. बाजारापर्यंत शंभर, मग एकदम सत्तर. नेऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर चाळीस. गाढी नदीच्या पुलावर तर आकडा असा घसरला की मनस्वीने बोलता बोलता वाक्य सोडून दिलं. पुलाच्या मधोमध स्कूटर उभी राहिली.

दोघं ढकलत परत निघाले. नाक्यावर नेहमीची मंडळी होती.

"काय रे किसन, पार्सल चालत निघालं?"

"आज पार्सलच गाडी पोचवतंय," कृष्णकांत म्हणाला.

"वैनी होती तवा कदी ढकलावी लागली नाय हां!"

सगळे हसले, तोही हसला. मग पुढच्या वळणावर, कुणी बघत नाही असं समजून, त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मनस्वीने बघितलं. तिने हँडलवरचा एक हात सोडून त्याच्या हातावर ठेवला आणि स्कूटर लगेच डावीकडे झुकली, तेव्हा परत काढला.

"मी मारली काय गं ती?" त्याने विचारलं.

"कोण?"

"बॅटरी."

"आईने तुम्हाला काय काय सांगितलं होतं, आठवतंय ना?"

"सगळं आठवतंय. तोच तर वांदा हाय."

दुसऱ्या दिवशी स्कूटर टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला नेली. त्या रात्री कृष्णकांतला जेवण गेलं नाही. बॅटरी नवी मिळते, हे त्यालाही ठाऊक होतं. पण जिच्यात वेणूने शेवटचे शंभर भरायला सांगितले होते ती नवी कशी मिळणार? सेंटरवाल्यांनी तपासून सांगितलं की संपलेली नाही, पण थकलीय. जुनी तर होतीच, त्यात वर्षभर उकाड्यात तुडुंब भरून ठेवल्याने आणखी खचली. निम्म्याहून थोडी जास्त उरली असेल. जपून वापरली तर अजून बरेच दिवस जाईल. चार्जर मात्र टाकून द्या, आणि कंपनीचाच घ्या.

"करंजाला जाईल काय?" कृष्णकांतने विचारलं.

जाईल, पण एका दमात भरवसा नाही, मध्ये कुठेतरी थोडी चार्ज करून घ्या, असं उत्तर आलं. कृष्णकांतला ते पटलं. तोही आता एका दमात कुठे जाऊ शकला नसता.

अरुंधतीबाईंनी वायरमन बोलावून पार्किंगच्या उघड्या टोकाला, जिन्यापासून लांब, अर्थिंगचा जाड प्लग आणि वेगळा ब्रेकर बसवून घेतला. कृष्णकांत आता तिथे खुर्ची टाकून बसतो. रविवारी मनस्वीबरोबर शेतावरून आला की आधी स्कूटर सावलीत लावतो, स्वतः चहा पितो, मग चार्जर लावतो. चार्जर उघड्यावर, फरशीवर, वर काही नाही. निघून जात नाही. मेथी निवडत बसतो, आणि ती अशी निवडतो की घरी मनस्वीला परत निवडावी लागते. ऐंशी झाले की पिन काढतो. दिवा एक क्षण राहतो, मग विझतो. पहिले काही दिवस तो त्या वेळी दुसरीकडे बघायचा.

चालवायलाही शिकतो आहे. मनस्वी रविवारी त्याला मोकळ्या मैदानात नेते. पहिल्या दिवशी तो स्कूटरसकट क्रिकेट खेळणाऱ्यांच्या स्टंपात शिरला आणि पंचाने त्याला आउट दिलं. दुसऱ्या रविवारी सरळ गेला, पण वळता येईना म्हणून सरळच जात राहिला, मनस्वी मागून ओरडत धावत होती. आता वळतो. रस्त्यावर गाडी आणायला अजून ती नको म्हणते. तोही हट्ट करत नाही, कारण मागे बसायला कुणी नसलं की त्याला तोल सापडत नाही, असं तो सांगतो. खरं कारण भीती आहे.

परवा नीताचा फोन आला.

"दाजी, सुकट काडून ठेवलीय. आमी वाट बघतोय, तुमी येत नाय. का आक्काच्या मागे बसल्याबिगर तुमाला वाट दिसत नाय?"

"येतो गं."

"कवा?"

"मदी जासईला थांबून चार्ज करायला लागंल. मग येतो."

"जासईला कोन हाय आपला?"

"शोधतो."

"म्हंजे येत नाय तुमी," नीता म्हणाली, आणि मग, "सुकट खराब नाय होत. सावकाश या."

फोन ठेवला तेव्हा आकडा ऐंशीवर आला होता. त्याने पिन काढली, वायर गुंडाळली.

शंभर त्यानंतर एकदाही केलेली नाही. करंजाला जायचं राहिलं आहे.