दारीं उभा

यमुनाआत्या गेली आणि तिच्या मुलाने, गुरुप्रसादने, मला गळ घातली. "उल्काताई, दहा दिवस पोथी तूच वाच. ती जुनी भाषा दुसऱ्या कोणाला लागत नाही."

तीस वर्षं मराठी शिकवलेली मी, पण यमाबिमावर माझा काडीचा विश्वास नाही. सहाशे वर्षांपूर्वी कोणा निनावी माणसाने मेल्यानंतरच्या प्रवासावर रचलेल्या ओव्या. लोकांना भिववून सरळ करायचे धंदे, असं माझं मत. भाषेसाठी म्हणून हो म्हटलं आणि पहिले तीन दिवस कवीची यमकं तपासत वाचलं. जित्याची खोड, दुसरं काय.

माझा भाऊ भास्कर वाचनाला येत नव्हता, कारण वाचत मी होते. नऊ वर्षांपूर्वी मी देवरुखात नोकरीला असताना बाबा गेले. ते त्याने मला दुसऱ्या दिवशी, शेजाऱ्याकरवी कळवलं. मला बाबांचा चेहराही दिसला नाही. तेव्हापासून मी त्याच्या घराची पायरी चढले नाही. चूक त्याची, त्याने येऊन बोलवावं, एवढंच माझं म्हणणं. रिटायर होऊन इथे रत्नागिरीत आल्यावरही भाट्याच्या समुद्रावर रोज सकाळी फिरायला जायचे ती त्याच्याच फाटकावरून, मान ताठ ठेवून.

चौथ्या दिवशी ही ओवी आली:

दारीं उभा न ये आंत । म्हणे कां न बोलावित ।
नेणे तो हा वृत्तांत । कीं मेला आपण ॥

मेलेला माणूस स्वतःच्या घरासमोर येतो. आत माणसं जेवताहेत, हसताहेत. कोणी हाक मारत नाही म्हणून तो रुसतो आणि तिथेच उभा राहतो, वर्षानुवर्षं. आपण मेलोय, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

ओवी मी पुन्हा एकदा वाचली. अंगावर सरसरून काटा आला. नावसुद्धा मागे न ठेवलेल्या त्या माणसाने मला ओळखलं होतं. मला, रत्नागिरीतल्या एका पेन्शनर बाईला. इतकी वर्षं मी समजत होते की भास्कर मला मेला. मेले होते मी. भीती नाही वाटली, पण एवढ्या थोर नजरेपुढे आपण किती लहान, ते कळलं आणि मी पोथीवर डोकं टेकवलं. गुरुप्रसादला वाटलं चक्कर आली. त्याने पंखा वाढवला. अध्याय अर्धा सोडू नये म्हणतात, म्हणून कसाबसा पुरा केला.

तिथून थेट रिक्षा केली ती भास्करच्या फाटकापर्यंत. तो पडवीत सुपाऱ्या सोलत बसला होता. त्याने वर पाहिलं, पण हाक मारली नाही. मीही उभीच राहिले. आताही आपण बोलावण्याचीच वाट बघतोय, हे ध्यानात आलं तेव्हा स्वतःची लाज वाटली. कडी काढली, पायरी चढले आणि त्याच्यासमोर जाऊन बसले.

"दादा, मी दिसत्ये ना रे तुला?" प्रश्न वेडगळ होता, पण मला खरंच खात्री हवी होती.

त्याने हातातली सुपारी खाली ठेवली.

"दिसतेस गो," तो म्हणाला. "रोज सकाळी साडेसहाला इथे येऊन बसतो, ते कशासाठी?"